रिप्रोड्युसिबल बिल्डसाठी निक्स, गीक्स, स्पॅक, बेझल की कॉन्डा?

संगणनगट (प्रश्न)

आमच्या छोट्या गटाने तयार केलेले वैज्ञानिक संगणनाचे एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्याचा गाभा सी-प्लस-प्लसमध्ये, काही जुनी रुटीन फोरट्रानमध्ये आणि वापरकर्त्यांसमोर येणारा भाग पायथनमध्ये लिहिलेला आहे. आजवर आम्ही एक डॉकरफाईल (डॉकरची इमेज, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याच्या परिसराचा गठ्ठा, घडवण्याच्या आज्ञा) आणि आवृत्त्यांचे क्रमांक लिहिलेली पिपची (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाची) यादी एवढ्यावर भागवत आलो. जुनी इमेज जपून ठेवली असेल तर ती आजही चालते. परंतु तीच डॉकरफाईल नव्याने चालवली तर आत वेगळ्या आवृत्त्यांची लायब्ररी येतात आणि एक डिपेंडन्सी (आमच्या कोडला लागणारे बाहेरचे सॉफ्टवेअर) तर आता कंपाईलच होत नाही. शिवाय एकच कमिट (कोडची नोंदलेली एक अवस्था) दोन वेगवेगळ्या यंत्रांवर बिल्ड केले असता मिळणाऱ्या बायनरींचे (तयार प्रोग्रॅम फाईलींचे) चेकसम, म्हणजे फाईलीच्या आशयावरून काढलेले हॅश, जुळत नाहीत.

आमच्या गरजा अशा आहेत. बरेच वापरकर्ते सामायिक क्लस्टरवर काम करतात आणि तेथे त्यांना रूटचा अधिकार नसतो. काही जण मॅकओएसवर काम करतात. शोधनिबंधासोबत दिलेला कोड पाच-सहा वर्षांनीही त्याच परिसरात चालवता यावा अशी आमची इच्छा आहे. आम्ही प्रसिद्ध केलेली बायनरी आम्हीच प्रसिद्ध केलेल्या सोर्सपासून तयार झाली आहे, हे एखाद्या त्रयस्थाला स्वतः तपासता आले तर अधिकच चांगले.

निक्स, जीएनयू गीक्स, स्पॅक, बेझल आणि कॉन्डा ही नावे वारंवार समोर येतात. यांतील सर्वोत्तम कोणते असे मी विचारत नाही. प्रत्येक साधन नेमके कशाची हमी देते आणि कोठे अपुरे पडते, हे ज्यांनी ती वापरली आहेत त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

भांडारी (उत्तर)

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या मागण्या एकत्र आल्या आहेत आणि साधनांची तुलना बहुधा याच गुंत्यामुळे फसते. पहिली मागणी अशी की, आज जो परिसर आहे, म्हणजे लायब्ररी, कंपायलर आणि त्यांच्या आवृत्त्या, तो उद्या तसाच उभा करता यावा. दुसरी, त्या परिसरात तोच सोर्स पुन्हा बिल्ड केला तर बिट-न-बिट तीच बायनरी मिळावी. तिसरी, ही खात्री तुमच्या शब्दावर न राहता दुसऱ्या कोणाला स्वतंत्रपणे करून घेता यावी. लॉकफाईल, म्हणजे नेमक्या आवृत्त्या नोंदून ठेवणारी यादी, पहिल्या मागणीचा काही भाग पूर्ण करते. दुसरीला ती हातही लावत नाही.

डॉकरबद्दल थोडक्यात सांगतो. इमेज ही गोठवलेली फलनिष्पत्ती आहे, ती घडवण्याची कृती नव्हे. बेस इमेज टॅगऐवजी शा-२५६ डायजेस्टने बांधून घेतली, तरी त्यानंतरच्या ओळीत पॅकेजांची यादी अद्ययावत करण्याची आज्ञा असेल, तर त्या दिवशी सर्व्हरवर जे असेल तेच आत येणार. ही डॉकरची चूक म्हणता येणार नाही. त्याने तसे वचन कधी दिलेच नव्हते.

निक्सची मूळ कल्पना येथे निराळी आहे. एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ च्या सुमारास युट्रेक्ट विद्यापीठात हे काम सुरू केले आणि २००६ मधील त्यांच्या पीएचडी प्रबंधात त्याची सैद्धांतिक मांडणी आहे. प्रत्येक पॅकेज म्हणजे एक फलन मानायचे. सोर्स, कंपायलर, बिल्डची स्क्रिप्ट, फ्लॅग आणि सर्व डिपेंडन्सी हे त्या फलनाचे इनपुट मानायचे. आणि या सगळ्यांच्या मिळून काढलेल्या हॅशचा समावेश असलेल्या नावाच्या डिरेक्टरीत, निक्स-स्टोअरखाली, फलित ठेवायचे. कंपायलरचा एखादा फ्लॅग बदलला तरी हॅश बदलतो, मार्ग बदलतो आणि जुने फलित जागच्या जागी शाबूत राहते. त्यामुळे एकाच लायब्ररीच्या चार आवृत्त्या एकमेकींना धक्का न लावता नांदू शकतात आणि नवी आवृत्ती नको वाटली तर मागे जाणे हा केवळ सिमलिंक बदलण्याचा प्रश्न उरतो. बिल्ड सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी यंत्रापासून तोडलेल्या परिसरात, चालते, तेथे नेटवर्क नसते; बाहेरून काही उतरवायचे असेल तर त्याचा हॅश आधीच लिहून द्यावा लागतो. विसरलेली डिपेंडन्सी अशा वेळी चुकून यंत्रावर सापडत नाही, बिल्ड सरळ अडते. पहिले काही आठवडे या अडण्याचा मनस्वी राग येतो.

मात्र एक गोष्ट निक्सच्या प्रचारात अनेकदा गाळली जाते. स्टोअरच्या मार्गातील हॅश हा इनपुटचा असतो, तयार झालेल्या फाईलींचा नव्हे. दोन यंत्रांवर मार्ग अगदी एकसारखा असूनही आतील बाइट वेगळे असू शकतात, कारण बिल्डच्या प्रक्रियेत घड्याळ, फाईलींचा क्रम किंवा समांतर धाग्यांची शर्यत डोकावली असेल तर सँडबॉक्स त्याला पुरता आवर घालू शकत नाही. निक्स बराचसा गोंधळ मुळातच टाळते: स्टोअरमधील फाईलींची वेळ १ जानेवारी १९७० च्या पहिल्या सेकंदावर आणली जाते आणि बिल्डमध्ये वापरायची तारीख सांगणारे सोर्स-डेट-इपॉक हे चल बिल्डपूर्वीच ठरवून दिले जाते. तरीही बिट-न-बिट समानता ही वेगळी तपासावी लागते. त्यासाठी तेच पॅकेज पुन्हा बिल्ड करून आधीच्या फलिताशी ताडून पाहणारा ‘चेक’ हा पर्याय आहे. तुमच्यासाठी आणखी एक लक्षात ठेवण्यासारखी बाब म्हणजे लिनक्सवर सँडबॉक्स मुळातच चालू असतो, तर मॅकओएसवर तो मुळातच बंद असतो.

खर्चाची बाजूही सांगायला हवी. निक्सची भाषा लहान आहे, पण तिच्यातील चुकांचे संदेश वाचणे हा स्वतंत्र अभ्यास आहे. लॉकफाईल देणारी ‘फ्लेक्स’ ही सोय २०२१ मधील २.४ आवृत्तीपासून आहे, जवळजवळ सगळे ती वापरतात आणि अधिकृतरीत्या ती अजून प्रायोगिकच आहे. डिस्क भराभर भरते आणि गार्बेज कलेक्शन (न लागणाऱ्या जुन्या फलितांची सफाई) चालवावे लागते. कोठून तरी आणलेली तयार बायनरी निक्सओएस या निक्सवर उभ्या लिनक्स प्रणालीवर चालत नाही, कारण ती ज्या ठिकाणी डायनॅमिक लोडर (चालू होताना लायब्ररी जोडणारा प्रोग्रॅम) शोधते तेथे तो नसतो. याच्या उलट बाजूला निक्सपॅकेजेस हा एक लाखाहून अधिक पॅकेजांचा संग्रह आहे आणि तुम्हाला लागणारे फोरट्रान कंपायलर, बीएलएएस (रेषीय बीजगणिताची लायब्ररी), एमपीआय (समांतर गणनेसाठीचे संदेशवहन), पायथन हे सर्व तेथे बहुतेक तयार मिळते.

कॉन्डाचा पिंड वेगळा आहे. ते तयार बायनरी पॅकेजे वाटते, रूटचा अधिकार मागत नाही, लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज तिन्हींवर चालते, आणि वैज्ञानिक वापरकर्त्यांना ते आधीपासून ठाऊक असते. कॉन्डाचीच पॅकेजे वापरणारी कॉन्डा-लॉक किंवा पिक्सी ही साधने वापरली तर प्रत्येक पॅकेजचा पत्ता आणि हॅश नोंदला जातो, त्यामुळे परिसर पुन्हा उभा करण्याची पहिली मागणी बऱ्यापैकी भागते. पण ती हमी त्या बायनरी सर्व्हरवर जपलेल्या असतील तोवरचीच. सोर्सपासून सगळी साखळी पुन्हा घडवणे हा त्याचा हेतूच नाही.

क्लस्टरपाल (उत्तर)

भांडारी यांनी गीक्स सोडून दिले, म्हणून तेथून सुरुवात करतो. शिवाय रूट नसलेल्या क्लस्टरचा जो प्रश्न आहे त्याचे सर्वांत सुटसुटीत उत्तर मला तेथेच मिळाले आहे.

गीक्स हा जीएनयू प्रकल्पाचा भाग असून लुदोविक कोर्तेस यांनी तो २०१२ मध्ये सुरू केला, १.० आवृत्ती २०१९ मध्ये आली. स्टोअरची कल्पना निक्सचीच, त्याचा डीमनही (पार्श्वभूमीत बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) निक्सच्या डीमनपासून निघालेला. मात्र पॅकेजांच्या व्याख्या निक्सच्या खास भाषेऐवजी गाईल स्कीम या सर्वसाधारण प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिल्या जातात. कंस पाहून दचकणारे लोक असतात, हे मान्य आहे. पण संपूर्ण भाषा हाताशी असल्यामुळे संपादकापासून डीबगरपर्यंतची साधने आयती मिळतात.

तुमच्या पाच-सहा वर्षांच्या अटीसाठी गीक्सकडे ‘टाईम-मशीन’ ही आज्ञा आहे. निबंधासोबत दोन लहान फाईली द्यायच्या: एकीत लागणाऱ्या पॅकेजांची यादी, दुसरीत गीक्सच्या चॅनेलांचे (पॅकेजांच्या व्याख्या ठेवणाऱ्या भांडारांचे) नेमके कमिट. वाचक त्या कमिटवरचे गीक्स उभे करतो आणि त्यातून तोच परिसर मिळवतो. मधल्या काळात एखाद्या प्रकल्पाचे संकेतस्थळ बंद पडले आणि सोर्स मूळ जागी सापडला नाही, तर गीक्स तो सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहातून मिळवण्याचा प्रयत्न करते. जुन्या परिसरांना खरा धोका मला पॅकेज मॅनेजरपेक्षा नाहीशा होणाऱ्या सोर्सचा वाटतो, म्हणून ही सोय मी फार वरच्या दर्जाची मानतो.

तरीही टाईम-मशीन म्हणजे जादू नव्हे. तयार बायनरी सर्व्हरवर उरल्या नसतील तर सर्व काही सोर्सपासून बिल्ड करावे लागते, आणि तेथे एक चमत्कारिक अडचण उभी राहते: काही जुन्या क्रिप्टोग्राफी लायब्ररींच्या चाचण्यांत ठरावीक मुदतीची प्रमाणपत्रे असतात. मुदत उलटली की सोर्स तोच, कंपायलर तोच, आणि चाचणी मात्र नापास. सँडबॉक्स नेटवर्क तोडतो, होम डिरेक्टरी आणि यूजरचे नाव लपवतो, पण यंत्राचे घड्याळ बदलत नाही.

आता क्लस्टर. निक्स आणि गीक्स दोन्हींना त्यांचे स्टोअर ठरलेल्या मार्गावर हवे असते, कारण बायनरींच्या आत तो संपूर्ण मार्ग कोरलेला असतो. स्टोअर स्वतःच्या होम डिरेक्टरीत हलवले तर तयार बायनरींचा कॅशे निरुपयोगी होतो आणि सी लायब्ररीपासून सगळे स्वतः बिल्ड करावे लागते. गीक्समध्ये यावर ‘पॅक’ ही आज्ञा आहे. तुमच्या यंत्रावर हवा तो परिसर तयार करून त्याचा कोठेही उलगडता येणारा गठ्ठा बनवता येतो. क्लस्टरवर तो केवळ उघडायचा असतो. तेथील कर्नल यूजर-नेमस्पेसला (रूटविना वेगळा परिसर उभारण्याच्या सोयीला) परवानगी देत असेल तर गठ्ठा तिचा आधार घेतो, अन्यथा तेच काम करणाऱ्या पी-रूट या साधनावर चालतो. पी-रूटमुळे फाईली उघडण्याबंद करण्याच्या कामांत वेग घटतो, शुद्ध गणनेत फारसा फरक पडत नाही. क्लस्टरवर सिंग्युलॅरिटी किंवा ॲप्टेनर हे कंटेनर चालवणारे साधन असेल तर त्या स्वरूपाची इमेजही हीच आज्ञा बनवून देते.

स्पॅकचे नाव तुम्ही घेतले आहे, आणि क्लस्टरवाल्यांत ते सर्वाधिक चालते हेही खरे. लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत टॉड गॅम्बलिन यांनी २०१३ मध्ये ते सुरू केले. एकच सॉफ्टवेअर अनेक कंपायलर, अनेक एमपीआय आणि अनेक प्रोसेसरांसाठी निरनिराळ्या जोडण्यांत बिल्ड करायचे, हा त्याचा हेतू. रूट लागत नाही, कोणत्याही डिरेक्टरीत बसते, पाककृती पायथनमध्ये लिहिल्या जातात, आणि कोणत्या आवृत्त्या एकत्र बसतील याचे कोडे एक तर्काधारित सॉल्व्हर सोडवतो. क्लस्टरवर आधीच बसवलेले, तेथील जाळ्यासाठी खास जुळवलेले एमपीआय ‘बाहेरचे पॅकेज’ म्हणून जसेच्या तसे वापरता येते. ही सवलत व्यवहारात अमूल्य आहे. आणि हमी नेमकी तेथेच सैल होते. स्पॅक यजमान यंत्राची सी लायब्ररी आणि पुष्कळदा यजमान कंपायलरच वापरते, बिल्ड बंदिस्त सँडबॉक्समध्ये चालवत नाही. १.० आवृत्तीपासून कंपायलर ही इतरांसारखीच एक डिपेंडन्सी मानली जाऊ लागली, त्यामुळे नोंद अधिक प्रामाणिक झाली आहे. पण दुसऱ्या क्लस्टरवर त्याच लॉकफाईलवरून तीच बायनरी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. माझ्या मते स्पॅक हे वेगासाठी आहे, पडताळणीसाठी नाही. या दोहोंतले काय हवे ते आधी ठरवावे.

शंकेखोर (उत्तर)

वरच्या दोन्ही उत्तरांत मला एक गोष्ट खटकली. प्रश्नकर्त्यांच्या बायनरी जुळत नाहीत, आणि त्यांना नवा पॅकेज मॅनेजर सुचवला जात आहे. चेकसम न जुळण्याचे कारण बहुतेक वेळा स्वतःच्याच बिल्ड-स्क्रिप्टमध्ये असते आणि ते निक्समध्ये गुंडाळून जात नाही.

डेबियन या लिनक्स वितरणात हे काम २०१३ पासून चालू आहे, आणि तेथील लोकांनी पॅकेज मॅनेजर न बदलता हजारो पॅकेजे जुळवून दाखवली. त्यांची रीत शिकण्यासारखी आहे. एकच सोर्स दोनदा बिल्ड करायचा आणि दुसऱ्या वेळी मुद्दाम सगळे बदलायचे: टाईमझोन, लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी), बिल्डची डिरेक्टरी, होस्टनेम, यूजरचे नाव, यू-मास्क (नव्या फाईलींचे परवाने), घड्याळ, फाईलसिस्टम फाईली ज्या क्रमाने देते तो क्रमसुद्धा. रिप्रोटेस्ट हे साधन हा सगळा उपद्व्याप आपण होऊन करते. मग डिफोस्कोपला दोन्ही फलिते द्यायची. ते आर्काइव्हच्या आत आर्काइव्ह उलगडत, ईएलएफ (लिनक्सवरील बायनरींचे स्वरूप) फाईलींचे भाग वेगळे करत, फरक ज्या जागी आहे तेथपर्यंत नेऊन सोडते. इतके उपयुक्त साधन इतके कमी लोक वापरतात याचे मला नेहमी नवल वाटते.

सी-प्लस-प्लस आणि फोरट्रानच्या मिश्रणात सहसा काय सापडते ते सांगतो. कोठेतरी आवृत्तीच्या संदेशात आजची तारीख घालणारा मॅक्रो असतो. जीसीसी ७ पासून सोर्स-डेट-इपॉक हे चल ठरवले की तारीख त्यातून घेतली जाते, आणि त्याचे मूल्य शेवटच्या कमिटच्या वेळेवरून काढणे सर्वांत सोपे. डीबग माहितीत आणि असर्टच्या संदेशांत बिल्ड डिरेक्टरीचा पूर्ण मार्ग उतरतो. जीसीसी ८ पासून फाईल-प्रीफिक्स-मॅप हा पर्याय तो बदलून देतो. मेकच्या काही आवृत्त्यांत मेकफाईलमध्ये वाइल्डकार्डने गोळा केलेल्या ऑब्जेक्ट फाईली क्रमाने लावलेल्या नसतात, म्हणून लिंकरला त्या वेगळ्या यंत्रावर वेगळ्या क्रमाने मिळू शकतात. स्टॅटिक लायब्ररीत वेळ आणि मालकाचा क्रमांक शिरतो. टार (फाईलींचा एकत्र गठ्ठा) बनवताना नावांनी क्रम लावणे, वेळ आणि मालक ठरवून देणे राहून जाते, आणि जी-झिप स्वतःची वेळ वर चढवते. याशिवाय एक अस्सल खलनायक म्हणजे ‘मार्च-नेटिव्ह’ हा फ्लॅग: ज्या यंत्रावर बिल्ड झाले त्याच्या प्रोसेसरप्रमाणे कंपायलर सूचना निवडतो, आणि मग दोन यंत्रांवर वेगळी बायनरी मिळणे अटळ असते. संगणनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा फ्लॅग हमखास दडलेला असतो. तुमच्याकडे सर्वप्रथम तोच शोधा.

जुनी पॅकेजे मिळवण्यासाठी डेबियनचा स्नॅपशॉट संग्रह आहे. ठरावीक दिवसाचा संग्रह-पत्ता डॉकरफाईलमध्ये लिहिला तर तुमच्या सध्याच्या मांडणीतही पहिली मागणी बरीचशी भागते. बिल्ड ज्या परिसरात झाले त्याची नोंद बिल्ड-इन्फो फाईलीत राहते, आणि त्रयस्थ व्यक्ती तिच्या आधारे तोच परिसर उभा करते.

मोनोरेपो (उत्तर)

बेझलविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून दोन शब्द. गूगलने आपल्या अंतर्गत ब्लेझ या साधनाचा मोकळा केलेला हा भाग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ते पॅकेज मॅनेजर नाही. हजारो लक्ष्यांच्या एकत्र कोडबेसमध्ये जे बदलले तेवढेच पुन्हा बिल्ड करणे आणि फलिते संपूर्ण गटात दूरस्थ कॅशेमधून वाटणे, हे त्याचे बलस्थान, आणि त्यात निक्स किंवा गीक्स त्याच्या जवळपासही नाहीत, कारण त्यांचा सर्वांत लहान घटक पॅकेज हा असतो, एकेक फाईल नव्हे.

बेझल ‘हर्मेटिक’ (यजमान यंत्रावर अवलंबून नसलेले) असल्याचे सांगितले जाते, पण सी-प्लस-प्लससाठी त्याची मूळ मांडणी यंत्रावर सापडेल तो कंपायलर उचलते, आणि लिनक्सवरचा सँडबॉक्सही यजमानाच्या यूएसआर डिरेक्टरीतील गोष्टी वाचू देतो. हर्मेटिकपणा हवा असेल तर टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरे साधनांचा संच) स्वतः बांधून द्यावी लागते. काही गट म्हणून टूलचेन आणि लायब्ररी निक्समधून आणतात आणि आपला कोड बेझलने बिल्ड करतात; ही जोडी चांगली जमते, फक्त सांभाळायला माणूस लागतो. प्रश्नकर्त्यांच्या गटाचा आकार पाहता मी त्यांना या वाटेला लावणार नाही. सीमेक हे बिल्ड-साधन वापरात असेल तर सीमेकच राहू द्यावे.

संगणनगट

सर्वांचे मनापासून आभार. ‘मार्च-नेटिव्ह’ खरोखरच सापडला, तोही आमच्या फोरट्रान भागाच्या मेकफाईलमध्ये. तो काढल्यावर आणि मार्गांचे फ्लॅग घातल्यावर उरलेले फरक डिफोस्कोपमध्ये स्पष्ट दिसू लागले आहेत.

आता एक उपप्रश्न. बायनरी पूर्णपणे जुळल्या तरी दोन वेगळ्या यंत्रांवर उत्तरांतील शेवटचे काही अंक वेगळे येतात. मग बिट-न-बिट समानतेचा आम्हाला उपयोग काय? आणि त्रयस्थाने पडताळणी करायची म्हटल्यावर तो ज्या कंपायलरवर विश्वास ठेवतो, त्याचे काय?

क्लस्टरपाल

पहिल्याचे उत्तर असे की बायनरी तीच असली तरी ती चालताना तोच मार्ग घेते असे नाही. ओपनब्लास ही बीएलएएस लायब्ररी चालू होताना प्रोसेसर ओळखते आणि त्याप्रमाणे कर्नेल (गणनेचे रुटीन) निवडते. दोन प्रोसेसरांवर बेरजा वेगळ्या क्रमाने आणि वेगळ्या रुंदीच्या रजिस्टरांत होतात, आणि फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात. धाग्यांची संख्या बदलली तरी तेच. ओपनब्लासला कोअर-टाईपचे चल देऊन विशिष्ट कर्नेल वापरायला भाग पाडता येते आणि धागा एकच ठेवता येतो. वेग जाईल, पण पडताळणीच्या एका धावेसाठी ते परवडते. निबंधासोबत प्रोसेसरचे मॉडेल आणि धाग्यांची संख्या लिहून ठेवा आणि चाचण्यांत समानतेऐवजी सहनमर्यादा ठेवा.

बिट-न-बिट समानतेचा उपयोग असा की फरक पडलाच तर संशयितांची यादी एकदम आखडते. बायनरी जुळल्या आहेत हे ठाऊक असेल तर कंपायलर, फ्लॅग आणि लायब्ररींच्या आवृत्त्या या चर्चेतून बाद होतात. उरतात हार्डवेअर, धागे आणि इनपुट.

भांडारी

दुसऱ्या उपप्रश्नाबद्दल. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हाच मुद्दा मांडला होता: कंपायलरच्या बायनरीत लपवलेली कुरापत, सोर्समध्ये काहीही न दिसता, त्या कंपायलरने घडवलेल्या पुढच्या कंपायलरमध्ये उतरू शकते. यावर सर्वांत पुढे गेलेले काम गीक्सचे आहे. २०२३ पासून तेथील पॅकेजांची साखळी हेक्स-झीरो या अवघ्या ३५७ बाइटच्या बीजापासून सुरू होते. त्यातून पायरीपायरीने लहान असेंब्लर, लहान सी कंपायलर, जुने जीसीसी आणि अखेरीस आजचे जीसीसी घडवले जाते. बिल्ड हाकणारे गाईल आणि खालचे कर्नल यांवर विश्वास ठेवावाच लागतो, हे ते स्वतःच मोकळेपणाने सांगतात. निक्समध्ये साखळीची सुरुवात आधीच घडवलेल्या साधनांच्या एका गठ्ठ्यापासून होते.

तुमच्या वाचकाला एवढ्या खोलात जावे लागणार नाही. गीक्सची ‘चॅलेंज’ ही आज्ञा स्थानिक बिल्डचे हॅश सर्व्हरवरील तयार बायनरींच्या हॅशशी ताडून दाखवते, आणि गीक्सचे दोन स्वतंत्र बिल्ड-फार्म असल्यामुळे त्या दोघांतही ताळा करता येतो.

पण या पडताळणीला एक मर्यादा आहे. सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रकरण २०२० मध्ये उघडकीस आले, त्यात बिल्ड चालू असताना घुसखोरी झाली होती. दुसऱ्या ठिकाणी स्वतंत्र बिल्ड करून ताडले असते तर असा फरक दिसला असता. २०२४ च्या एक्स-झेड या फाईल-संक्षेप साधनाच्या प्रकरणात मात्र ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्येच गिट-भांडारात नसलेली एम-फोर फाईल (बिल्डच्या स्क्रिप्टचा एक भाग) होती. तो टारबॉल त्याच परिसरात जगात कोठेही बिल्ड केला असता तरी तीच दूषित बायनरी मिळाली असती. म्हणून तुम्ही टारबॉल प्रसिद्ध करत असाल तर तोही गिटच्या टॅगपासून बिट-न-बिट पुन्हा बनवता येईल असा ठेवा आणि पाककृतीत शक्यतो थेट कमिटचा उल्लेख करा.

संगणनगट

आमच्या गटाचा कल आता असा झाला आहे: कोडमधील उरलेले फरक आधी संपवायचे, निबंधांसाठी गीक्सच्या दोन फाईली आणि क्लस्टरसाठी त्याचाच गठ्ठा द्यायचा, आणि मॅकओएसवर गीक्स चालत नसल्यामुळे रोजच्या कामासाठी पिक्सी ठेवायचे. स्पॅकची पाककृतीही देऊ, पण ती वेगासाठी आहे असे स्पष्ट लिहून. एकच गोष्ट अडते: मॅकओएससाठी प्रसिद्ध होणारी बायनरी आम्हाला डिजिटल स्वाक्षरी करून द्यावी लागते आणि स्वाक्षरीची खाजगी किल्ली त्रयस्थाकडे असणार नाही. मग तो ताडून काय पाहणार?

शंकेखोर

स्वाक्षरी बिल्डपासून वेगळी काढा. बिटकॉइन कोअरमध्ये हेच करतात: २०२१ मधील २२.० आवृत्तीपासून त्यांची प्रसिद्ध होणारी बिल्ड गीक्समध्ये होतात, मॅकओएसचीही, लिनक्सवरून क्रॉस-कंपाईल करून. निरनिराळे लोक आधी स्वाक्षरीविना फलित बनवतात आणि त्याचे हॅश आपापल्या किल्लीने प्रमाणित करून एका सार्वजनिक भांडारात ठेवतात. हॅश जुळले की किल्ली असलेली व्यक्ती स्वाक्षरी तयार करते आणि ती बायनरीपासून सुटी अशी वेगळ्या भांडारात प्रसिद्ध करते. त्यानंतर कोणीही आपल्या बिल्डवर ती सुटी स्वाक्षरी चढवून अंतिम फाईल बिट-न-बिट मिळवू शकतो. तुम्हाला त्यासाठी मॅकओएसचे एसडीके (ॲपलचा विकास-संच) वेगळे मिळवावे लागेल, कारण त्याच्या परवान्यामुळे ते गीक्समध्ये नाही. त्याचा हॅश मात्र बिल्ड-स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा, म्हणजे दोन जणांनी वेगवेगळी एसडीके वापरून चेकसम का जुळत नाहीत म्हणून डोके धरून बसण्याची वेळ येणार नाही.